दंतवैद्याचं घर

सांतियागोहून रात्रभर बस,
आणि सकाळी वाल्दिव्हियाच्या नदीवर धुकं की धूर,
कळेना. दोन्ही होतं.
टॅक्सीवाल्याला मी पत्ता वाचून दाखवला,
गल्ली, घर नंबर, खूण.
त्याने आरशातून पाहिलं: "म्हणजे दंतवैद्याचं घर."
दंतवैद्य वारून अकरा वर्षं झालीत,
हेही त्यानेच सांगितलं, माझी बॅग पायरीवर ठेवताना,
जणू किल्लीसोबत एवढं हातात द्यायचंच असतं.

पहिल्याच आठवड्यात मी ओली लाकडं घेतली.
ट्रकवाला गोड बोलला, मी पैसे मोजले.
शेगडी पेटेना. धूर मात्र उशीत, केसांत, चहात.
बुधवारी लाकडं आली;
गुरुवारी पाववाल्या फिदेलमिराने
पाव तोलता तोलता सांगितलं,
"लाकडावर लाकूड आपटून बघायचं, बाई.
वाळलेलं टणकन वाजतं. ओलं गप्प बसतं."
मी तिला काहीच बोलले नव्हते.

राजधानीत नऊ वर्षं सातव्या मजल्यावर होते.
समोरच्या दारामागे एक खोकला राहायचा.
बाईचा की बुवाचा, कधी समजलं नाही.
एका हिवाळ्यात तो थांबला.
मी लिफ्टची वाट बघत होते.

इथे माझ्या खोकल्याला तिसऱ्या दिवशी मध येतो,
मधाच्या मागून प्रश्न:
नवरा? मुलं? भाडं किती?
आधी मी पडदे ओढून घ्यायचे.
मग लक्षात आलं,
ओढलेला पडदा ही त्या दिवसाची मोठी बातमी असते.

गोडच आहे सगळं, असं नाही.
एकाच सिनेमागृहात एकच सिनेमा तीन आठवडे.
ज्याच्याबरोबर एकदा कॉफी घेतली
आणि पुन्हा नको वाटली,
तो औषधाच्या दुकानात, पोस्टात,
बँकेच्या रांगेत माझ्या पुढे दोन माणसं सोडून.
इथे माणूस संपत नाही.

शनिवारी नदीकाठी मासळीबाजार.
नोल्फा माशाचं मुंडकं उडवते
आणि मागे न बघता फेकते,
मागे पाण्यात समुद्रसिंह जबडा उघडून तयार.
त्या धुडांनाही तिने नावं ठेवलीत.
कडेच्याला अजून नाव नाही.
"नवा आहे," ती म्हणते, "बघू, टिकतो का."
आणि सुरी पुसते, माझ्याकडे बघत.

दुसऱ्या हिवाळ्यात रात्री साडेनऊला दार वाजलं.
गालाला हात लावून एक म्हातारा, टोपीतून पाणी गळतंय.
एलेउतेरिओ. नदीपलीकडून शेवटच्या बोटीने आलेला.
अकरा वर्षं त्याचा दात दुखला नव्हता,
त्यामुळे त्याला कळलंच नव्हतं.
मी सांगितलं. तो बराच वेळ दारातच उभा राहिला.
"चांगला माणूस होता," म्हणाला. "हात हलका."

परत जायला बोट नव्हती.
शेगडीत लाकूड घातलं (टणकन वाजणारं),
लवंग दिली दाढेखाली धरायला.
तो खोलीभर नजर फिरवत म्हणाला,
"खुर्ची तिथे असायची. खिडकीशी."
मी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून खिडकीशी नेली.
तो बसला, मान मागे टाकली,
आणि सवयीनं तोंड उघडलं.

काय बघायचं असतं, मला माहीत नव्हतं.
मोबाइलचा दिवा धरला, वाकले,
त्या अंधाऱ्या, लवंगेच्या वासाच्या गुहेत
जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हटलं,
"हं."
त्याला बरं वाटलं असावं. तो तिथेच झोपला.

सकाळी पावाच्या रांगेत माझ्या आधी बातमी उभी.
"काय म्हणतोय एलेउतेरिओचा दात?"
"सुजलाय," मी म्हणाले,
"सोमवारी नेतेय दवाखान्यात."
फिदेलमिराने एक पाव जास्तीचा टाकला.
त्याच्यासाठी, म्हणाली. साल काढून दे.