माणशी एक बादली

उदगीरच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर
आठ बाय दहात माझं ऑफिस.
भिंतीवर बेटाचं पोस्टर. इतकं निळं
की उन्हाळ्यात लोक नुसतं त्याच्याखाली बसायला येतात,
माझ्या नावावर चहा पितात
आणि जाता जाता विचारतात, "रंग चढवलाय का हो?"

मी समुद्र विकतो. हप्त्यानं.
स्वतः पाहिलेला नाही,
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

बेटावर जायला परवाना लागतो,
परवान्याला पोलिसांचा दाखला.
जमादार कागद उलटासुलटा करत म्हणाले,
"चालचलन चांगलं असल्याबिगर समुद्र दिसत नाही?
मग आमचं अवघडच आहे."
तरी मारले शिक्के. अकरा.

डाळमिलवाले चन्नाप्पा बिरादार, घरच्यांसकट सहाजण.
खदीरभाई बँडवाले, त्यांची म्हातारी आई.
दोन कंडक्टर, नुकतेच सुटलेले.
आणि रिटायर नर्स द्रौपदाबाई गायसमुद्रे,
ज्यांच्या आडनावात समुद्र
आणि आयुष्यात तिरू नदी,
तीही पुलावरून, बहुतेक कोरडी.

बाई चौकशीला तीनदा आल्या.
पहिल्यांदा भाडं विचारलं.
दुसऱ्यांदा, भाकरी मिळंल का.
तिसऱ्यांदा पोस्टरला नाक लावून उभ्या राहिल्या:
"एवढ्या पाण्याला आवाज किती असंल?"
मी म्हणालो, "तो पॅकेजमध्येच धरलाय."
त्या हसल्या नाहीत.
रुमाल सोडून पैसे मोजून दिले, पावती दोनदा वाचली.

बेटावरचा माझा माणूस, मुक्बिल कोया.
सहा वर्षं धंदा फोनवर, तोंड माहीत नाही.
त्याची हिंदी अर्धी, माझी त्याहून जरा कमी.
त्याच्याकडं चोवीस खाटा, दोन होड्या, एक विहीर.
सीझनमध्ये तो एकच रडगाणं गातो:
पाहुणे खाऱ्यात डुंबतात, मग गोड्यात दोनदा न्हातात,
विहीर खाली जाते, समुद्र आत शिरतो,
मे महिन्यात चहासुद्धा खारट.
म्हणून नियम. गोडं पाणी, माणशी एक बादली.
हे मी पत्रकात सगळ्यात खाली छापतो,
चष्मा लावूनही दिसणार नाही असं.
मागं पुण्याची एक पार्टी याच्यावरूनच फिरली होती.

चौथ्या दिवशी कोयाचा फोन.
माझ्या पोटात गोळा. कोण बुडालं?
"भाई, ये लोग कौन से गाँव के हैं?"
"क्यों? क्या किया?"
"बाल्टी में पानी बचाते हैं."
सकाळी त्यानं पाहिलं तर
प्रत्येक खोलीत अर्धी बादली तशीच,
वर ताट झाकलेलं.
गायसमुद्रेबाई तर टोपल्यात बसून न्हायल्या
आणि ते पाणी त्याच्या अंगणातल्या
लिंबाच्या वाळक्या रोपाला घातलं, न विचारता.

आता त्याला काय सांगू?
आमच्याकडं नळ नवव्या दिवशी येतो,
लग्नाची तारीख काढताना बामणाआधी
वॉल्व्हमनला विचारतात?
एवढी हिंदी मला येत नाही.
म्हणालो, "अच्छे लोग हैं.
पुलिस का सर्टिफिकेट है."

पुढच्या वर्षापासून
फक्त उदगीरच्या पाहुण्यांना माणशी नऊशे कमी,
असा कोयाचा कागद आला, शिक्क्यासकट.
मी पत्रक नवं छापलं.
बादलीची ओळ उचलून सगळ्यात वर घेतली, लाल अक्षरात.

बाई परत आल्यावर हिशेबाला आल्या.
नाक उन्हानं सोललेलं, बाकी होत्या तशाच.
मी विचारलं, आवाज किती होता?
खुर्चीत नीट बसल्या. पोस्टरकडं पाहिलं नाही.
"झोपच लागली नाही बघा," म्हणाल्या,
"सारखं वाटायलालतं,
कुणीतरी नळ चालू सोडलाय.
दोनदा उठून बघितलं."