आडोशाचे उतार

पहाटे साडेचारला बाबा गच्चीवर जातात,
जुन्या पायजम्याची नाडी बोटात धरून
हवेत सोडतात.
"नैर्ऋत्य. खाडीवरनं येतंय.
पामबीच आज विसर."
माझा मोबाइल म्हणतो, अंशतः ढगाळ.
नाडी आडवी झालेली असते.

सुभेदार शेलार, तालुका पाटण, चोवीस वर्षं नोकरी,
त्यातली अकरा बर्फावर.
पोरांना त्यांनी आधी पडायला शिकवलं,
घसरायला मागाहून.
आता बेलापूर, तळमजला,
आणि शिकायला उरलेली मी एकटी:
पायाखाली चाकांच्या पट्ट्या, हातात रबरी टोकाच्या काठ्या,
बर्फ आयुष्यात एकदाच पाहिलेला,
तोही नऊ दिवस, त्यातले चार वादळात बंद.

पारसिकचा डोंगर ढगात गेला
की शेजारची माणसं अंथरुणात परत शिरतात.
बाबांना चेव येतो.
स्कूटरवर ते पुढे, मागचा लाल दिवा लुकलुकतो,
मी चढावर काठ्या मारत मागे.
वरच्या वळणावर वारा असा लागतो
की रेनकोटच आपल्याला नेसलाय असं वाटावं.
"त्याच्याशी भांडायचं नाही, शालू.
त्याची पाठ शोधायची."

टाकीला वळसा घालून मागच्या अंगाला आलो
आणि कान एकदम रिकामे झाले,
शेजारणीनं मिक्सर बंद केल्यासारखे.
इथे पाऊस सरळ पडत होता.
करंजाचं पानही हलत नव्हतं.
बाबा हसले. एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

"उघड्यावर आभाळ आणि जमीन एक होते.
पांढरा अंधार.
एकदा मी थांबलोय समजून पाणी प्यायला बाटली काढली,
आणि खाली चाललो होतो, बाटलीसकट.
म्हणून झाडीत शिरायचं.
एक खोड दिसलं तरी नजरेला खुंटी मिळते."

आमच्या खुंट्या अशा:
करंज, वाकलेला खांब, कुणाची तरी बंद पडलेली मारुती,
मग बिपुलची वॉचमनची खोली.
बिपुल शिवसागरचा. त्यानं एकदा विचारलं,
ही पोरगी रोज पडते,
साहेब तिला सायकल का नाही घेऊन देत?

त्या दिवशी पडलेही.
वारा नाही तिथे ऊन नाही, रस्ता वाळत नाही,
शेवाळ गुपचूप वाढतं.
कोपर सोललं. बाबा उचलायला आले नाहीत,
स्कूटरवर बसूनच बोलले, जरा वेळानं:
"आडोशाला बर्फ साचतो.
आणि साचलेलंच सुटतं.
डोरजेला मीच म्हणालो होतो, तिकडनं जा, तिकडे वारा नाही."

हे नाव घरात कधी आलं नव्हतं.
मी कोपरावरचा चिखल पुसत राहिले.
खाली कुठेतरी दूधवाल्याच्या क्रेटचा आवाज,
आणि गटाराचं पाणी, घाईत असल्यासारखं.

"मग आडोसा शोधायचा कशाला?"
"शोधायचा. पण काठी खुपसून बघायची,
आणि एकेकानं जायचं.
दुसऱ्यानं बघत राहायचं."

मी काठी रस्त्यावर आपटली. शेवाळ. कडेला खडी. कडेनं जाता येईल.
बाबांनी चश्मा काढला, बनियनला पुसला, लावला,
परत काढला.
मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे ढकललीय त्यांनी,
माझ्या जानेवारीच्या निवडीचं निमित्त सांगून.
"माझ्याकडे ढग जरा जास्तच आहे आज," म्हणाले.
"तू हो पुढे. खुंटी आली की ओरड."

त्यांनी इंजिन बंद केलं.
मी निघाले कडेकडेनं, गुडघे वाकवून,
मागे नुसती टायरची सळसळ,
आणि मी ओरडत गेले: करंज!
खांब!
मारुती, डावीकडे घ्या, बाबा, डावीकडे!