काडेपेटीतली छत्री

सोमवारी तीन वाजता, खिडकी लावून घेण्याच्या बेतात होते,
तर एक मुलगा आला.
टोपली नाही, पिशवी नाही. काडेपेटी.

हाइनुफकाच्या या सरकारी खोलीत
पंधरा सप्टेंबर झाले, मी लोकांच्या अळंब्या निवडते.
बाजाराआधी बायका येतात, मातीचे हात ओट्यावर टेकतात,
एकच विचारतात : खाल्लं तर चालेल ना, बाई?
हे चालेल. हे नको. हे तर मुळीच नको.
गेल्या साली येरेमिआश मास्तरांच्या टोपलीतून
एक पांढरं काढून घेतलं,
तर चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.
जिवंत होते, म्हणून रुसता आलं.

मुलानं पेटी सरकवली. शेवाळाच्या गादीवर
नखाएवढी घंटा, राखाडी,
देठ म्हणजे नुसता दोरा.
"मेलेल्या हॉर्नबीमवर होती. आडवा पडलाय. साल सुटलीय ना, तिथे."
"खायचीय?"
"नाही. नाव काय तिचं?"

माझ्या छापील फॉर्मवर तीन रकाने आहेत :
खाण्याजोगे, न खाण्याजोगे, विषारी.
आणणाऱ्याचं नाव मात्र लागतं.
बाझिली. वय दहा.

भिंग लावलं. टोपीवर रेघा, कडेपासून निम्म्यापर्यंत,
ओल्या सदऱ्यातून बरगड्या दिसाव्यात तशा.
खालच्या पात्या पांढऱ्या, जराशा गुलाबी
(की समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी पडली होती त्यांच्यावर?)
हुंगलं. पीठ.
नाही, काकडी.
नाही, काडेपेटीचं गंधक.

"देठ मोडावा लागेल."
"का?"
"एका जातीचा मोडला की लाल थेंब येतो. आला, तर नाव लगेच."
त्यानं मान हलवली, हो म्हणून,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

आवाजसुद्धा झाला नाही.
थेंब आला. पाण्यासारखा.

म्हणजे ती नव्हे. म्हणजे उरलेल्या विसांपैकी कुठलीही.
टोपी काळ्या कागदावर ठेवली, वर चहाचा पेला पालथा घातला.
"उद्या ये. रात्रभरात काहीतरी सांगेल."

मंगळवारी पेला उचलला.
कागदावर पांढरं चाक, आरे मोजावेत इतकं नीट,
फुंकर लागेल म्हणून मी तोंडावर हात धरला.
रांगेतल्या बाईनं विचारलं, देव आठवला का?

तो आला शुक्रवारी.
काडेपेटी न्यायला. आजोबांची होती, शोधत होते.

मी कागद पुढे केला. "कूळ नक्की. पुढचं नाही सांगता येत."
"तुम्हालाही?"
"मलाही."
यावर तो पहिल्यांदा हसला.
पेटी कानाशी हलवून पाहिली, खिशात घातली,
दारापर्यंत गेला, आणि वळून म्हणाला,
"तिथे अजून अकरा आहेत. मोजल्यात मी.
पण कुठे ते सांगणार नाही.
तुम्ही मोडता."