पेन्सिलीनं

नकाशा जेवणाच्या टेबलावर मावत नाही.
तेजपूर कडेवरून खाली लोंबतं,
त्याच्या पुढचं सगळं खुर्चीच्या पाठीवर
टॉवेलसारखं वाळत घातलंय.
पुणं इकडे, तूरडाळीच्या डब्याखाली.

शिक्रापूर, नगर, जालना, वाशीम.
इथवर पेन्सिल बिनधास्त चालते,
हे रस्ते लग्नांचे, मयतींचे, पायाखालचे.
नागपूरनंतर हात हलका होतो.
रायपूर. संबलपूर.
सिलीगुडीपाशी रेघ इतकी पुसट
की जयमाला म्हणाली,
चष्मा लाव, नाहीतर जाऊ नको.

परवा तिचा स्वयंपाकघरातला काटा मागून आणला.
क्लच केबल एकशे साठ ग्रॅम.
ट्यूब सातशे वीस.
रेनकोट कोरडा नऊशे, ओला धरला तर देव जाणे.
मेतकूट अर्धा किलो, त्यावर चर्चा नाही.
वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली तर
गाडीला झेपतं त्यातला निम्मा भार मीच.
सगळ्यात जड सुटा भाग,
आणि याचा जोड नाना पेठेतही मिळत नाही.

नाना पेठेत यासीन आहे.
"प्लेटा तुम्हीच बदला," म्हणाला,
आणि स्टुलावर बसून चहा प्यायला.
पहिल्या रविवारी अडीच तास लागले. एक वायसर उरला.
"उरला नाही काका, विसरला."
चौथ्या रविवारी पन्नास मिनिटं. हातात काही राहिलं नाही.
मग म्हणाला, नवी केबल आत्ताच बांधून ठेवा
जुनीच्या अंगाला अंग लावून.
तुटेल तेव्हा अंधार असेल, पाऊस असेल,
आणि मी नसेन.
पान्याचा नंबर सांगावा तसं सांगितलं त्यानं.
मी परतताना स्वारगेटचा सिग्नल हिरवा झालेला
मला मागच्या हॉर्ननं कळला.

धनकवडीत, आमच्या पार्किंगमध्ये,
मागचं चाक डोळे मिटून काढायला शिकतोय.
वरून देवस्थळे डोकावतात :
"विमानानं जा की. निम्म्यात पडेल."
हो म्हणतो.
हिशेब त्यांचा बरोबर आहे,
म्हणून तर माझ्याकडे उत्तर नाही.

खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही.
भोसरीत बावीस वर्षं पहिली पाळी.
चारला उठलो, अंधारात कार्ड पंच केलं,
थंडीत लेथचं हँडल हाताला चिकटायचं,
आणि तो यायचा सव्वासातला
शेडच्या पत्र्यावरून, रमतगमत.
त्याचा अर्धा दिवस कुणी कापला नाही.
वालाँगला म्हणे तो आपल्याहून
तास-दीड तास आधी हजर असतो.
एकदा गेटवर उभं राहून बघायचंय.
बोलायचं काही नाही. नुसतं घड्याळ बघायचं.

काल रात्री भांडी आवरून जयमाला टेबलाशी आली.
ओल्या हातानंच
खुर्चीवरचा नकाशा उचलून मांडीवर घेतला.
बराच वेळ बघत होती.
"परतीची रेघ कुठंय?"
तीच की, म्हटलं. आलो तशीच.
ती काही बोलली नाही.
पेन्सिल घेतली आणि वालाँगपासून सुरू केली,
माझ्या रेघेला टाळून, वरच्या अंगानं,
गोरखपूर, वाराणसी,
कागद दुसऱ्या बाजूनं उमटेल इतकी दाबून.
जबलपूरला टोक मोडलं.
"इथून पुढं तुला येतं," म्हणाली,
दिवा तसाच ठेवून झोपायला गेली.

मी टोकयंत्र शोधत बसलो.
पोरीच्या जुन्या कंपासपेटीत सापडलं.
आठ ग्रॅम.
यादीत नव्हतं.