एकतीस फेब्रुवारी

मडगावच्या कचेरीत तारवटींचे करार मोजणारा
प्रोग्राम माझाच.
कायतान बोटीवर चढला एकतीस मेला.
अधिक नऊ महिने.
उत्तर: तीन मार्च.

बाणावलीहून पिएदाद आली,
पिशवीत इगर्जीचं कॅलेंडर, फुल्याफुल्यांचं.
"फेब्रुवारी सरताच येणार होता.
हे तीन दिवस कुणाचे गो, बाय?"

म्हटलं, यंत्र आधी महिना पुढे नेतं,
मग तिथली एकतीस तारीख शोधतं.
नसतेच ती.
उरलेलं मार्चच्या अंगणात सांडतं.

"सांडलेलं उचल मग."

दोन ओळी बदलल्या. अठ्ठावीस.
बोट अजून सांतुसला,
तिला यातलं काही ठाऊक नाही.

पिएदादनं कॅलेंडर उलगडलं.
मार्चच्या पहिल्या तीन घरांत
पेन्सिलीच्या फिक्या फुल्या, आधीच.

"रबर आहे?"