मागची गाडी

आमचा धंदा दोघांचा.
मोरिओ पुढे, गिऱ्हाइकाच्याच गाडीत, गिऱ्हाइकाला घेऊन.
मी मागे, आमच्या पिवळ्या डबड्यात,
टपावर दिवा, दारावर फोन नंबर.
घर आलं की तो किल्ली हातात देतो, पैसे मोजून घेतो
आणि माझ्या शेजारी येऊन बसतो
दुसऱ्याच्या दारूचा वास अंगावर घेऊन.
अकरा वर्षं झाली.
नवरा म्हणजे मला बहुतेक वेळ
बर्फात हलणारे दोन लाल दिवे.

अकिताच्या डोंगराकडचं आमचं गाव नऊला झोपतं.
जागे राहतात स्टेशनमागचे सात बार.
शेवटची बस सव्वाआठला.
टॅक्स्या दोन, त्यातली एक म्हाताऱ्याची,
गुडघे दुखले की तो निघतच नाही.
म्हणून आम्ही.

तांदूळ सोसायटीचे ओनोदेरा दर शुक्रवारी रडतात,
मुलीचं काही विचारू नका म्हणतात
आणि घर येईपर्यंत मुलीचंच सांगतात.
दातांचा डॉक्टर गाडीत बसताना बूट काढतो,
बाहेर बर्फावर नीट जोडून ठेवतो, घरी आलो समजून.
बूट मी मागून उचलून आणते.
चांगली माणसं.
चांगलीच माणसं असतात,
हेच तर.

त्या रात्री फोन मीच घेतला.
कुदो, सुतारकाम करणारा पोरगा. आवाज स्वच्छ,
शब्द कुठे अडखळत नव्हता.
"किती वेळ?"
"चाळीस मिनिटं." खरं तेच सांगितलं.
आम्ही धरणापलीकडे होतो,
बर्फ उपसणाऱ्या यंत्रामागे अडकलेले.
"मग राहू दे. दोन किलोमीटर तर आहे. सरळ रस्ता."

सरळच आहे तो रस्ता.
बर्फ फार असला की हाताकेयामा गाडी काढत नसत,
पहाटे तीनला चालत निघत,
मुलांच्या घसरगाडीवर पेपरचे गठ्ठे ओढत.

एकशे बारा पेपर. प्लास्टिकमध्ये कोरडे.
त्यांची बायको म्हणाली, वाटून टाका,
लोक वाट बघत असतील.
मी आणि मोरिओने दारोदार टाकले.
त्या पेपरात ती बातमी नव्हती.
पेपर आदल्या रात्रीच छापून झाला होता.

कुदोला शिक्षा झाली.
त्याला पेला भरून देणाऱ्या बाईलाही,
शेजारच्या सीटवर बसून आलेल्या मित्रालाही.
मला कोणी काही विचारलं नाही.
चाळीस मिनिटं कुठल्या कलमात बसत नाहीत.

आता नोबुएच्या बारमध्ये
काउंटरवर लोणच्याची रिकामी बरणी असते.
आधी किल्ली तिच्यात, मग पहिला पेला.
कुणी म्हणालं, मी आज फक्त चहा घेणार,
तर नोबुए म्हणते, मग चहा पिऊन घ्या परत.
आमचा दिवा काचेत दिसल्याशिवाय
झाकण उघडत नाही.
एकदा नगराध्यक्ष ओरडले तिच्यावर.
तिने त्यांच्यापुढे मुळ्याच्या दोन फोडी ठेवल्या
आणि ग्लास पुसत राहिली.

आणि मी खोटं बोलायला शिकले.
किती वेळ, असं कुणी विचारलं की म्हणते,
निघालोच. हे काय, वळणावर आहोत.
मग नोबुएला वेगळा फोन:
पाऊण तास लागेल गं,
तोवर नूडल्स घाल त्याच्यापुढे, गाणं म्हणायला लाव,
नाहीतर भांडण उकरून काढ, काहीही कर.

काल बर्फ थांबला होता. रस्ता रिकामा, लख्ख.
त्या जागी मोरिओ ब्रेक दाबतो,
नेहमीच, समोर काही नसताना.
लाल दिवे एकदम मोठे होतात.
मागे मीही थांबते.
गिऱ्हाईक दचकून विचारतं, काय झालं?
काही नाही, म्हणतो तो,
पेपरवाला येण्याची वेळ आहे.