दहापर्यंत

माझ्या नवऱ्याचं नाव दुरसुन.
आमच्याकडे याचा अर्थ: राहू दे, टिकू दे.
आधीची तीन पोरं हाती लागली नाहीत, म्हणून सासूने
चौथ्याच्या कानात नावाऐवजी आर्जवच सांगितलं.
तो टिकला.
झोंगुलदाकच्या पोटात एकवीस वर्षं
छताला लाकडी धिरे देत टिकला.
कायमचा वर आला तेव्हा खाण त्याच्या छातीत उतरलेली होती.

सकाळी सात वाजता तो पलंगाच्या कडेला बसतो.
मी पाकिटातून कॅप्सूल काढते,
यंत्रात ठेवते, कळ दाबते. टिच्च.
"सोड सगळा श्वास."
सगळा म्हणजे केवढा, असं बघतो माझ्याकडे.
मग ओढतो. आत भोवऱ्यासारखी घरघर.
घरघर आली तर औषध गेलं,
नाही आली तर पुन्हा.
"आता धर." मी बोटं मोजते.

छातीच्या दवाखान्यात गुरुवारी बाकावर सगळे जुने सोबती.
सातल्मुशकडे निळा पंप आहे, तो वापरत नाही,
संपेल म्हणून. कानाशी नेऊन हलवतो,
आत अजून आहे एवढं ऐकून त्याला बरं वाटतं.
यशारने महिनाभर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली.
नर्स हसली, मग तो हसला,
मग सगळा बाक हसला आणि खोकला,
दहा मिनिटं कुणाचंच नाव पुकारता आलं नाही.
हाच यशार रमजानात दिवसभर पंपाला शिवत नाही.
इमाम स्वतः घरी येऊन सांगून गेले, आजाऱ्याला सूट आहे.
"सूट घेऊन जगायची सवय नाही हो," म्हणाला.
संध्याकाळी तोफ वाजली की खजुराच्या आधी पंप.

आणि त्या बारीक पांढऱ्या गोळ्या.
पाच दिवसांच्या. त्यांची मला धास्ती वाटते.
दुसऱ्या दिवशी दुरसुन चाळीस वर्षांचा होतो,
रात्री तीनला नळ दुरुस्त करतो,
उभ्या उभ्या अर्धा पाव आणि वाटीभर ऑलिव्ह संपवतो,
माझ्या भावाचं चौऱ्याऐंशी सालचं भांडण उकरून काढतो.
तोंड भाकरीसारखं फुगतं,
नुसतं धरलं तरी दंडावर जांभळं उठतं.
पण एकशे चौदा पायऱ्या उतरून समुद्रापर्यंत जातो
आणि परत येतो. एकटा.
सहाव्या दिवशी पाकीट रिकामं.
तो माणूस कुठे जातो, मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.
त्यांनी वजन लिहून घेतलं.

पंपाने हात थरथरतात. चहाचा पेला बशीत वाजत राहतो,
शेजारच्या सेवगीला वाटतं आमच्याकडे रोज पाहुणे.

रात्री हाक मारतो.
माझं नाव हव्वा.
त्याच्या दमात दुसरा व मावत नाही.
मला बोलावतोय की हवा मागतोय,
अंधारात कळत नाही, आणि विचारायची ती वेळ नसते.
मी आधी खिडकी उघडते, मग जवळ जाऊन बसते.
काळ्या समुद्रावरून ओला वारा येतो, कोळशाचा वास घेऊन.
तोही तो आत घेतो. दुसरा कुठे आहे?

मोजताना मी लबाडी करते, खोटं कशाला बोलू.
चारच्या पुढे बोटं भराभर मिटते,
सातआठनऊ एका घासात, आणि दहा.
डॉक्टरीणबाई म्हणतात दहा, तर दहा झाले.
इतकी वर्षं तो काही बोलला नाही.
आज मी पाचवर होते,
त्याने माझं मिटत आलेलं बोट धरलं.
गाल लाल, डोळ्यांत पाणी,
पण धरून राहिला,
अंधारात धिरे मोजणाऱ्या माणसाच्या चालीने
एकेक बोट स्वतः मिटवत.
आठवर सुटला.

"चूळ भर," मी म्हटलं. "जीभ पांढरी होईल."